मान वर म्हणजे टाक

माडाखाली राहणाऱ्यानं एक सवय लावून घ्यावी. झाप, म्हणजे माडाची वाळकी झावळी, पडला की त्याच दिवशी उचलायचा. आज नको उद्या म्हटलं की त्यावर दुसरा पडतो, मग तिसरा, आणि अंगणात असा ढीग होतो की आत फुरसं बसलंय की काय, या भीतीनं कुणी हात घालीत नाही. किश्शांचंही तसंच. ज्या त्या दिवशी कुणाला तरी सांगून मोकळं व्हावं. माझे साठलेत. मी फटकळ, माझ्याजवळ कोण बसणार, हे एक कारण. घरात दुसरं माणूस नाही, हे दुसरं. दुसरं जास्त खरं.

मी पाडेली. म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. शाळा चौथीपर्यंत, तीही वर्गात कमी आणि मास्तरांच्या माडावर जास्त. भाट्याच्या खाडीपलीकडे आमच्या गावात आम्ही तिघं पाडेली. मी शिवराम, गावाचा तात्या. माझा जोडीदार धाकू, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आणि पक्या, चाळीस वर्षांचा. सकाळी सुलभाच्या चहाच्या टपरीवर जमायचं, आज कुणाची नारळाची वाडी करायची ते ठरवायचं, आणि निघायचं. मला ‘शिवा’ म्हणणारी जगात दोनच माणसं. एक आई, ती गेली. दुसरा धाकू.

आमच्या धंद्यातली एक खूण आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. एक जण वर चढतो, एक खाली उभा राहतो. वरच्याचे हातपाय गुंतलेले. समुद्राचा वारा असा की खालून मारलेली हाक अर्ध्यातच उडून जाते. म्हणून खालच्यानं मान वर करायची, हनुवटी आभाळाकडे. म्हणजे, ‘मी बाजूला झालोय, टाक!’ हनुवटी छातीला लावली तर, ‘थांब, खाली माणूस आहे.’ मग वरचा कापलेली नारळाची पेंड, म्हणजे अख्खा घड, हातात धरून बसून राहतो. हात तुटला तरी टाकत नाही. तीस वर्षं मी आणि धाकूनं एकमेकांचा जीव एकमेकांच्या हनुवटीवर ठेवला.

*

पुण्याचे एक काका आहेत. वाडी इथं, घर तिथं. दर उन्हाळ्यात येऊन माड मोजून जातात, जसे काही माड पळून जातील! एकदा धाकू वर होता. मी जरा पलीकडे बिडी ओढत होतो. काका आले आणि थेट बुंध्याजवळ उभे राहिले. वर बघितलं. ‘काय, किती आहेत?’ असं विचारायचं होतं त्यांना. पण तोंडानं नाही विचारलं हो! आपण विचारतो ना, तशी नुसती हनुवटी उडवली.

धाकूनं पेंड सोडली.

काकांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर! काका बसले ते उठेचनात. धाकू वरून ओरडतोय, ‘तुम्हीच टाक म्हणालात!’ काका म्हणतायत, ‘मी कधी बोललो?’

तेव्हापासून काका आपल्याच वाडीत येतात ते मान खाली घालून, पायाकडे बघत, हळूहळू. सुलभा म्हणाली, ‘देवळात तरी एवढे वाकतात काय हो?’

*

त्याच वाडीत गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, एक उंच माड आहे. तीन वर्षांपूर्वी धाकू त्याच्यावर होता, मी खाली. मी बाजूला झालो, मान वर केली. टाक!

आणि तेवढ्यात मला माझी चंची दिसली. पान-तंबाखूची. गडग्याच्या पायथ्याशी, चिऱ्यावर, मीच ठेवलेली. तीत अडकित्ता होता. अडकित्ता बायकोचा. ती आदल्या वर्षी गेली. पेंड नेमकी चंचीवर आली तर अडकित्ता मोडेल, एवढंच डोक्यात आलं. धावलो आत.

नारळ डोक्यावर पडला असता तर हे सांगायला मी नसतो. पेंडीतला एक सुटा झाला, चिऱ्यावर आपटला, आणि उसळून उजव्या डोळ्यावर बसला. कंदील फुंकावा तसा तो डोळा गेला, असं वाटलं.

धाकू उतरला की पडला, देव जाणे. त्याच्या छातीची सालटं निघाली होती. माझं डोकं मांडीवर घेऊन एकच घोकत होता, ‘शिवा, तू मान वर केली होतीस ना रे? केली होतीस ना?’

मी म्हणालो, ‘मला नाय आठवत.’

आठवत होतं. लख्ख आठवत होतं. पण म्हाताऱ्या पाडेल्यानं टाक म्हणून सांगावं आणि स्वतःच आत शिरावं, हे कबूल करायला जीभ वळली नाही. म्हटलं, उद्या सांगू. आज नको, उद्या. झापासारखं.

*

डॉक्टरांनी सुजलेली पापणी चिमटीत धरून उघडली. ‘दिसतंय?’ दिसत होतं. कवटीचा एक्स-रे काढला. ‘फोटो क्लीन आहे. डोळा वाचला. नशीबवान आहात तात्या!’

नशीबवान माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर गेला. मला सर्दी झालेली. सुलभा चहा देत होती. मी बाजूला जाऊन जोरात नाक शिंकरलं आणि वळलो, तर सुलभाच्या हातातली किटलीच सुटली!

‘तात्या, तुमचा डोळा!’

शिंकरताना नाकातली हवा डोळ्याखाली शिरली होती. जाळ्यातून काढलेला केंड मासा कसा टम्म फुगतो, तसा माझा गाल आणि पापणी! पक्यानं बोटानं दाबून बघितलं, तर आत कुरकुर वाजलं. तो मागे सरकला आणि म्हणाला, ‘तात्या, तुझ्या तोंडात पापड हाय?’

डॉक्टर म्हणाले, नाक शिंकरू नका. नाकातली हवा डोळ्याखाली कुठल्या वाटेनं आली, हे त्यांनी विचारलं नाही. मी तर मुळीच विचारलं नाही.

मग दाढीला गेलो. उजवा गाल, वरचा ओठ, हिरड्या, सगळं बधिर. न्हावी हात थांबवून म्हणाला, ‘तात्या, रक्त येतंय!’

मी म्हणालो, ‘कुणाचं?’

*

सूज उतरायला पंधरा-वीस दिवस गेले. एका संध्याकाळी धाकू आला. मी पडवीत खुर्चीवर बसलेलो. तो पायरीशी उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

मनात म्हटलं, आता सांगतो. ‘धाकू, मान मी वर केली होती.’ एवढंच तर होतं! पण आधी त्यानं ‘कसा हायस’ विचारावं, मग मी सांगावं, असा माझा हिशेब. तो विचारीना. मी सांगीना. मी त्याच्याकडे बघत बसलो.

त्यानं हातातलं पुडकं पायरीवर ठेवलं, वळला आणि गेला. शब्द नाही!

पुडक्यात सुके बांगडे, आणि वर माझी चंची. चंची उघडून बघितली, अडकित्ता शाबूत. बांगडे भाजून खाल्ले. एकट्यानं चार खाल्ले, रागानं. म्हटलं, एवढी तीस वर्षांची जोडी, आणि विचारपूस करायला जीभ झिजते मेल्याची!

पक्या दुसऱ्या दिवशी सांगत आला. ‘धाकूभाऊ टपरीवर बोलला. म्हणाला, शिवा माझ्याकडं नाक वर करून बघत व्हता. मी त्याचं काय खाल्लंय?’

‘नाक वर? माझं नाक जन्मापासून असंच हाय!’

धाकू टपरीवर यायचा बंद झाला. घरी चहा पिऊन परस्पर वाडीत जायला लागला. मी रोज जायचो. त्याच्या जागेवर पक्या बसायचा, म्हणून पक्याशी भांडायचो.

*

चढणं सुटलं. वर बघितलं की एकाचे दोन दिसायचे, एकावर एक. माडाला दोन शेंडे, शेंड्यावर दोन चंद्र. म्हातारपण असेल, म्हटलं. पण खाली तर उभा राहता येईल! पक्यानं मला जोडीला घेतलं. पहिल्याच दिवशी तो वर चढला आणि जो सुटला! पेंड, पेंड, पेंड! मी इकडून तिकडे पळतोय, तिकडून इकडे. एक कानाजवळून गेली, एक पाठीमागे. शेवटी काकांच्या विहिरीमागे लपलो आणि तिथून शिव्या दिल्या.

पक्या खाली उतरला तो माझ्याहून जास्त तापलेला. ‘थांबवायचंस ना! सारखा टाक-टाक करतंस आणि वर शिव्या देतंस!’

‘मी कधी टाक म्हटलं?’

‘सकाळपासून मान वर हाय तुझी!’

‘खोटं बोलतोस!’

दुसऱ्या दिवसापासून मला कुणी वाडीत उभं करीना. ज्या माणसाची हनुवटी कळत नाही, त्याला खाली ठेवून कोण चढणार? बरोबरच आहे. मी पण चढलो नसतो.

*

चष्मे तीन झाले. चष्मेवाला खुर्चीत बसवायचा. ‘तात्या, डावा डोळा झाका. आता वाचा.’ मला अक्षरं लावता येत नाहीत, म्हणून फणीसारख्या काड्या कुठं वळल्यात ते सांगायचं. सांगितलं. ‘आता उजवा झाका.’ सांगितलं. ‘वा, तात्या! या वयात एवढी नजर!’

तीन वेळा ही परीक्षा दिली, तिन्ही वेळा पास. शाळेत असा पास झालो असतो तर माडावर चढावं लागलं नसतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून काय दिसतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. एकेक डोळा चांगलाच होता हो! भांडण दोघांच्यात होतं.

मुलगा महेश मुंबईला. रविवारी व्हिडिओ कॉल करतो. ‘बाबा, फोन वर धरा, नुसत्या नाकपुड्या दिसतायत.’ मी फोन वर करायचो. ‘अहो, अजून नाकपुड्याच!’ मग विचारायचा, ‘रागावलात का?’ प्रत्येक रविवारी तेच. रागावलात का, रागावलात का! शेवटी रागावलोच. मग त्याचा कॉल दोन रविवारांनी एकदा यायला लागला.

खाली बघताना मात्र एकच दिसायचं. ताट एक, वाटी एक, पायातल्या वहाणा दोनच. तेवढी देवाची दया. घरात जेवणारा एक, ताटं दोन दिसली असती तर मी उठून गेलो असतो. पण बायकोचा फोटो भिंतीवर उंच टांगलाय. तिच्याकडे बघितलं की ती दोन. एकीवर एक. एक होती तेव्हा तिचं ऐकलं नाही, आता दोघी बघत बसायच्या.

*

शिमग्याला पालखी दारात येते. गेल्या शिमग्याला आली, तर मी नारळ घेऊन पुढे झालो. मानकऱ्यांतला एक म्हातारा, माझ्याच वयाचा, सगळ्यांसमोर म्हणाला, ‘तात्या, माणसांसमोर नाक वर करतोस ते कर, देवासमोर तरी मान खाली घाल!’

लोक हसले. मी हनुवटी पार छातीला लावली आणि डोळे वर करून बघितलं, तर पालख्या दोन. खालच्या पालखीत नारळ ठेवला.

खाली पालखी नव्हती. म्हाताऱ्याचा पाय होता!

तो एका पायावर नाचत होता आणि ढोलवाल्याला वाटलं, अंगात आलं. त्यानं ढोल वाढवला. म्हातारा ‘थांबव, थांबव’ ओरडतोय, ढोल आणखी जोरात! गावाला वर्षभर पुरेल एवढी करमणूक झाली. धाकू गर्दीच्या मागे उभा होता. त्याच्याकडे बघितलं, म्हटलं हा तरी हसेल. त्यानं तोंड फिरवलं.

सगळे गेले. गुलाल उडालेल्या अंगणात मी एकटाच. नारळ घरंगळत पायरीशी आला होता. तो उचलून आत ठेवला. फोडला नाही.

*

यंदा रत्नागिरीत डोळे तपासायचा कॅम्प होता. सुलभानं जबरदस्तीनं पाठवलं, एक किटली गेली तेवढी पुरे, म्हणाली. मोतीबिंदूवाल्यांच्या रांगेत उभा राहिलो. डॉक्टरीणबाई, महेशच्या वयाची. तिनं माझ्या डोळ्याला हातसुद्धा लावला नाही. लांबूनच बघत राहिली. मग म्हणाली, ‘आजोबा, आधार कार्ड आणलंय?’

डोकं फिरलं. ‘बाई, रेशन दुकान, बँक, एसटी, सगळ्यांना कार्ड पायजे. आता डोळ्यालापण कार्ड?’

‘द्या तर.’

तिनं नंबर बघितला नाही. फोटो बघितला. मग मला बघितलं. परत फोटो. ‘यात मान सरळ आहे. आता अशी कधीपासून?’

‘कशी?’

तिनं मोबाइलवर माझा फोटो काढून दाखवला. एक म्हातारा. हनुवटी आभाळाकडे. सगळ्या जगावर थुंकल्यासारखा बघणारा. उजवा डोळा जरा आत बसलेला. असा माणूस समोरून आला असता तर मी रस्ता बदलला असता.

‘लोक नाक वर, नाक वर म्हणत होते,’ मी म्हणालो. ‘मला वाटलं, माझ्या स्वभावाबद्दल बोलतायत.’

‘स्वभावाचं मला माहीत नाही आजोबा. पण मान डोळ्यामुळे वर आहे.’

तिनं दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि हनुवटी हळूच खाली आणली. बाई दोन झाल्या. वर केली, एक. खाली, दोन. ‘दोन्ही डोळे उघडे ठेवा. माझ्या बोटाकडे बघा. वर, वर.’ डावा डोळा वर गेला, उजवा मध्येच अडला. ‘इथं कधी काही लागलं होतं? गाल बधिर आहे? नाक शिंकरल्यावर सूज आली होती?’ जसं काही तीन वर्षं ती टपरीवर आमच्याजवळच बसली होती!

दवाखान्यात नेऊन सीटी स्कॅन झाला. तिनं चित्र दाखवलं. डोळ्याच्या खोबणीची जमीन म्हणे अंड्याच्या टरफलाएवढी पातळ असते. मी आपला समजत होतो, करवंटीसारखी असेल! नारळाचा दणका बसला, डोळा आत दबला, खालची जमीन फुटली. नाकाची हवा तिथूनच वर येत होती. आणि डोळा खाली ओढणारा स्नायू त्या फटीत अडकला. साध्या एक्स-रेत ते दिसलं नव्हतं. मला लगेच कळलं. पायातली दोरी खोडाच्या खाचेत अडकली की पाडेली वर सरकत नाही, तसंच.

‘मग डोकं युक्ती करतं,’ ती म्हणाली. ‘मान वर धरतं, म्हणजे डोळे खाली बघत राहतात. खालच्या नजरेत दोघं जुळतात, एकच दिसतं. तुम्हाला कळतही नाही. लवकर आला असतात तर अडकलेला स्नायू सोडवायला सोपं होतं. आता तो तसाच आखडलाय.’

‘कोण आणणार होतं?’ मी म्हणालो.

तिनं कार्ड परत दिलं. ऑपरेशनचा विचार करा म्हणाली, पण सगळं पहिल्यासारखं होईल असं नाही. तोवर तिनं चष्म्याच्या काचेवर प्रिझमची एक रेघारेघांची पट्टी चिकटवून दिली. समोर बघितलं, मान सरळ, आणि बाई एक. वर बघायचं तर डोळे फिरवू नका, म्हणाली, अख्खी मान वळवा.

एसटीत खिडकीच्या काचेत स्वतःला बघत आलो. मान सरळ. तीन वर्षांत पहिल्यांदा मला धाकूला काय दिसलं असेल ते दिसलं. तो आपल्या हातून घात झाला असं समजून, मान खाली घालून माझ्या पायरीशी उभा. आणि वर खुर्चीत बसलेला तो फोटोतला म्हातारा.

*

दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो, तर सुलभा म्हणाली, ‘अगो बाई! तात्यांचा राग उतरला वाटतं!’ पक्या सरकून बसला. दोघा-तिघांनी तर कसे आहात म्हणून विचारलं. माझा स्वभाव काडीचा बदलला नव्हता. रेघारेघांची पट्टी काय, चार बोटांची. तीन वर्षं तेवढ्यावाचूनच अडलं होतं.

‘धाकू कुठं हाय?’ मी विचारलं.

पक्या बघायला लागला. ‘पुण्याच्या काकांच्या वाडीत. वर हाय. मी तंबाखू घ्यायला आलोय. का?’

निघालो.

गडग्याजवळचा तोच माड होता. सकाळचा वारा सुटलेला. फाटकातच मी थांबलो आणि, मान अजिबात वर करायची नाही म्हणून, नुसते डोळे वर करून बघितलं. शेंड्यात दोन धाकू, एकावर एक. दोघांनी मला बघितलं. दोघांच्या हातात सात-आठ नारळांची कापलेली पेंड. अडुसष्ट वर्षांचा माणूस, अजून चढतोय मेला!

खाली कुणी तरी खूण करील म्हणून पेंड धरून बसला.

मी चालत गेलो आणि बरोबर माडाखाली, त्याच चिऱ्यावर, उभा राहिलो. हनुवटी छातीला लावली. थांब, खाली माणूस आहे.

मला माझे पाय दिसत होते आणि चिरा दिसत होता. नियम म्हणजे नियम. मी हललो नाही तर तो टाकू शकत नव्हता, आणि टाकल्याशिवाय उतरू शकत नव्हता. असा माणूस तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या तावडीत सापडला होता.

मग मी ओरडलो. वारा होता, म्हणून घशाच्या शिरा ताणून ओरडलो. सगळ्या वाडीला, काकांना, टपरीला ऐकू गेलं असेल.

‘धाकू! मान मी वर केली होती! मला आठवत होतं! चंची घ्यायला मीच आत शिरलो!’

झापांची सळसळ तेवढी ऐकू येत होती. मी हनुवटी तशीच ठेवली. मान दुखायला लागली. वाटलं, अर्ध्यातच उडून गेलं. परत ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून आलं.

‘माहीत हाय मला! चंची या चिऱ्यावरनं उचलून तुझ्या पायरीवर कोणी आणून ठेवली रे? तीन वरसं तेवढ्यासाठी थांबलो! आता बाजूला हो नि मान वर कर, शिवा! हात गळाला माझा!’

मी बाजूला झालो. मान वर केली.

वर धाकू एकच होता.